पाच हजार वॉट आणि "काय म्हणालास?"

जानेवारीतल्या एका रविवारी मी अण्णांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "अण्णा, प्रोजेक्ट बंद झाला. सध्या बेंचवर आहे."

अण्णा इंदापूरच्या घरी कॉम्प्युटरसमोर चष्मा लावून, ताठ बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर हसले आणि म्हणाले, "छान, छान. जेवण वेळेवर घेतोस ना?"

आयटीत काम करणाऱ्याला बेंचवर असणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. रात्री झोप नाही, सकाळी उठल्या उठल्या आधी मेल उघडायचा, आणि इकडे आपला बाप म्हणतो छान! जाम राग आला. पुढचे दोन रविवार मी फोनच केला नाही. केला तेव्हा आईशी बोललो आणि ठेवला.

आता म्हणाल, हा स्पीकरवरचा लेख आहे ना? आहे. थांबा जरा, तिकडेच येतोय.

त्याआधीच्या दिवाळीत मी अण्णांना स्पीकर घेऊन दिले होते. त्यांचा डेस्कटॉप जुना, त्याचे ते दोन डबडे स्पीकर त्याहून जुने, त्यातला एक वायर हलवल्याशिवाय वाजत नसे. भाऊबीजेला मामाकडे बारामतीला गेलो होतो, म्हटलं येता येता घेऊन टाकू. बाजारातल्या एका दुकानात शिरलो. (नाव सांगत नाही. दुकानदार बिचारा चांगला होता, चूक माझीच होती.) त्यानं विचारलं, "बेस पाहिजे ना दादा?" आता या प्रश्नाला 'नको' असं उत्तर देणारा माणूस महाराष्ट्रात जन्माला यायचाय. त्यानं एक रीमिक्स लावला. काउंटरची काच थरथरली. शेजारच्या दुकानातला पोरगा येऊन दारात उभा राहिला. खोक्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ५००० वॉट पीएमपीओ. एक मोठा सब-वूफर, दोन छोटे स्पीकर, निळा लाइट, रिमोट. किंमत ३८००. मोबाइलवर पैसे दिले, खोकं डिकीत टाकलं आणि काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूर गाठलं. घरी जोडले तर गल्लीतली पोरं नाचायला आली. अण्णा म्हणाले, "लई मोठ्ठा आवाज आहे रे." मला वाटलं कौतुक करतायत.

त्यानंतर कॉलवर त्यांचं "काय म्हणालास?" सुरू झालं. आधी दोनदा, मग पाचदा. मग ते बंदही झालं. नुसतं हसून "हं, हं" करायचे आणि "घे, आईशी बोल" म्हणून उठायचे. आम्ही भावंडांनी निष्कर्ष काढला, अण्णांचे कान गेले. वय ७१, म्हणजे असणारच. मार्चमध्ये त्यांना बारामतीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणी झाली. वरच्या पट्टीतले, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाज थोडे कमी ऐकू येतात, वयाच्या मानानं ठीक आहे, इतक्यात मशीन नको, असं डॉक्टर म्हणाले.

त्या संध्याकाळी पुण्याहून ताईचा व्हिडिओ कॉल आला. अण्णा बाहेर गेले होते म्हणून त्यांच्या खुर्चीत मी बसलो. आणि खरं सांगतो, तिचं निम्मं बोलणं मलाच कळेना! माझं वय ३४, कान शाबूत. आवाज भरपूर मोठा होता. पण माठात तोंड घालून बोलावं तसा. शब्दांच्या कडाच गायब. "काय म्हणालीस?" असं मी तिसऱ्यांदा विचारलं आणि तिथेच थिजलो.

म्हणजे "प्रोजेक्ट बंद झाला" यातला "बंद" अण्णांपर्यंत पोचलाच नव्हता. "प्रोजेक्ट... झाला" एवढं ऐकून मुलाचं काम पूर्ण झालं असं त्यांना वाटलं, आणि ते छान म्हणाले.

तर आता स्पीकर.

सगळ्यात आधी त्या पाच हजार वॉटची गोष्ट. मी सब-वूफर उलटा करून मागची पट्टी वाचली. (हे मी दुकानात करायला हवं होतं. इंजिनिअर म्हणवतो मी स्वतःला!) तिथे लिहिलं होतं, २३० व्होल्ट, ३० वॉट. जे यंत्र भिंतीतून ३० वॉट घेतं ते ५००० वॉटचा आवाज कुठून काढणार? पीएमपीओ म्हणजे एखाद्या क्षणार्धाच्या टोकाला निघू शकेल असा कागदावरचा आकडा. तो मोजायची कुठलीही सर्वमान्य पद्धत नाही, त्यामुळे ज्याला जितका लिहावासा वाटेल तितका. अमेरिकेत १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनला ॲम्प्लिफायरच्या वॉटबद्दल नियम करावा लागला, कारण तिथल्या कंपन्याही असेच आकडे फुगवत होत्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकातल्या टेपरेकॉर्डरपासून पीएमपीओ आला आणि खोक्यावरून अजून हललेला नाही. विश्वास ठेवायचाच तर आरएमएस या आकड्यावर ठेवावा, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकेल ती ताकद. आणि त्याच्यावरही शंका आली तर मागची पट्टी किंवा ॲडॉप्टर बघावा. १२ व्होल्ट गुणिले २ अँपिअर म्हणजे २४ वॉट, संपला विषय. यूएसबीवर चालणारा असेल तर साध्या यूएसबी २.० पोर्टातून ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे अडीच वॉट. त्याच्या खोक्यावर २०० लिहिलेलं असेल तर खोकं खाली ठेवून चहा प्यायला जावं.

आता गंमत अशी की टेबलावर वॉट लागतातच किती? थोडा हिशोब करू. छोट्या स्पीकरला १ वॉट दिला तर १ मीटरवर साधारण ८० डेसिबल आवाज येतो असं धरा. आपण बसतो ६०-७० सेंटिमीटरवर, म्हणजे अजून ३ डेसिबल फुकट. झाले ८३. समोर बसलेला माणूस नेहमीच्या आवाजात बोलतो तेव्हा तो ६० डेसिबलच्या आसपास असतो. आपण चांगलं मोठं, ७३ डेसिबलनं ऐकायचं ठरवलं तरी एक दशांश वॉट पुरतो. हो, ०.१ वॉट! गाण्यात मधूनच तबल्याची थाप येते, ती २० डेसिबलनं वर उडी मारते असं धरलं तरी १० वॉट झाले. कारण डेसिबलचं गणित सरळ रेषेत चालत नाही. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणजे २० वॉटऐवजी ४० वॉटचा सेट घेण्यासाठी हजार रुपये जास्त मोजले तर कानाला मिळतं जेमतेम "थोडंसं मोठं".

मग शब्द कुठे गेले? बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि अर्थ बराचसा व्यंजनांत. स्वर खालच्या पट्ट्यात गडगडतात. क, त, च, स यांसारखी व्यंजनं वर, हजार-दोन हजार हर्ट्झच्या पुढे असतात, 'स' तर ४००० च्याही वर. जुना लँडलाइन फोन फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवायचा. त्यात बेस शून्य, तरी आजोबांचं बोलणं कळायचं आणि आवाज आजोबांचाच वाटायचा. म्हणजे बोलणं समजायला मधला पट्टा शाबूत लागतो. आमच्या ५००० वॉटवाल्या सेटमध्ये नेमका तोच आजारी. सब-वूफर फक्त खालचं वाजवणार, दोन छोट्या डब्यांत दोन-अडीच इंचाचे कागदी स्पीकर, त्यांना ना धड मधलं जमतं ना वरचं. वर तो सब-वूफर टेबलाखाली, कोपऱ्यात, दोन भिंतींना टेकून ठेवलेला. कोपऱ्यात बेस आणखी फुगतो. आणि कानाचा स्वभाव असा की खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकतो, उलटं फारसं होत नाही. त्यात अण्णांचं वरचं आधीच थोडं कमी झालेलं. त्यात डोक्यावर पंखा. शब्द कळत नाही म्हणून ते बिचारे आवाज वाढवायचे, की बेस आणखी वाढायचा. जितका मोठा आवाज तितकं कमी ऐकू येणार!

मला राहून राहून नवल वाटतं ते या गोष्टीचं, की हे ज्ञान आपल्या गावात आधीपासून आहे. देवळावरचा कर्णा आठवा. त्याला बेस अजिबात नसतो. आपण त्याला भोंगा म्हणून हसतो. पण पहाटेचा काकडा असो की "उद्या ग्रामसभा आहे हो" असो, रानात पाणी धरणाऱ्या माणसाला शब्द न् शब्द कळतो. कारण कर्ण्याचा आकारच मधल्या पट्ट्यातली ताकद वाया न घालवता हवेत ढकलायला बनवलेला असतो. आणि दुसरीकडे ट्रॅक्टरवर रचलेली डीजेची भिंत. छाती हादरते, खिडकीची तावदानं हादरतात आणि गाण्याचे शब्द कोणते ते नवरदेवालाही सांगता येत नाही. कॉम्प्युटर स्पीकरच्या बाजारानं कर्ण्याकडून काही न शिकता डीजेला गुरू केलंय. म्हणून टेबलावर ठेवायच्या वस्तूवर सब-वूफर, निळे लाइट आणि हजारांतले वॉट. बारामती हे मोरोपंतांचं गाव. ज्या माणसानं जन्मभर यमकं जुळवली त्याच्या गावात मी स्पीकर घेतला आणि व्यंजन ऐकू येतं का ते तपासलं नाही. असो.

माझं मत आता पक्कं झालंय. टेबलासाठी, आणि बजेट पाच हजारांच्या आत असेल तर, सब-वूफरवाला २.१ सेट घेऊच नये. ५.१ चा तर विचारही नको. तेवढ्याच पैशात नुसते दोन स्पीकर, म्हणजे २.० घ्यावेत. हिशोब साधा आहे. ३५०० रुपयांत कंपनीनं तीन डबे, रिमोट आणि लाइट बसवले तर प्रत्येक गोष्टीच्या वाट्याला किती आले? तेच पैसे दोन डब्यांत घातले तर निदान डबा जाड आणि स्पीकर बरा मिळण्याची शक्यता वाढते.

घ्यायला जाल तेव्हा काय बघायचं, तर माझ्या ठेच लागलेल्या अंगठ्याची यादी अशी:

१. दुकानदाराचं गाणं ऐकू नका. ते निवडलेलंच असतं. मोबाइलमध्ये स्वतःचे तीन तुकडे घेऊन जा. एक, नुसतं बोलणं, बातम्या किंवा प्रवचन. दोन, एखादा अभंग, ज्यात पखवाज खाली, टाळ वर आणि गळा मधे असतो. (पालखी आमच्या दारावरून जाते म्हणून सांगत नाही, पण स्पीकरचे तिन्ही पट्टे एकदम तपासायला भजनासारखी परीक्षा नाही. टाळ नुसते पत्र्यासारखे वाजले किंवा पखवाजाखाली गळा बुडाला तर सेट परत.) तीन, तुम्हाला पाठ असलेलं कुठलंही गाणं.

२. आवाज अगदी हळू करून ऐका. मोठ्या आवाजात सगळेच स्पीकर भारी वाटतात. हळू आवाजात शब्द कळले तर तो स्पीकर चांगला.

३. दोन सेटची तुलना करताना दोघांचा आवाज सारखा करून घ्या. जो जरा मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो, ही जुनी खोड आहे आणि विकणाऱ्यांना ती माहीत असते.

४. गाणं बंद करा, आवाज पूर्ण वाढवा आणि कान जवळ न्या. घूं असा आवाज येत असेल तर रात्री घरी तो तुमची सोबत करेल.

५. आवाजाचं बटण आणि हेडफोनचं भोक पुढच्या बाजूला आहे का बघा. क्षुल्लक वाटतं, पण रोज दहादा मागे हात घालावा लागला की कळतं.

६. डबा उचलून बघा, टिचकी मारा. हलका आणि पोकळ वाजणारा डबा स्वतःच गायला लागतो.

नावं विचाराल तर दोन टोकं सांगतो. कमी खर्चाच्या बाजूला क्रिएटिव्हचे पेबल. यूएसबीवर चालतात, आरएमएस फक्त ४.४ वॉट, आणि स्पीकर ४५ अंशात वर, सरळ तुमच्या कानाकडे तोंड करून. ४.४! आमच्या ५००० च्या मानानं बघा. आणि तरी बोलणं ऐकायला पुरतात. जास्त खर्चाच्या बाजूला एडिफायरचे आर १२८० टी, ४२ वॉट, चार इंची वूफर, वर वेगळा ट्वीटर, लाकडी डबा. गाणी मनापासून ऐकणाऱ्यानं तिथवर जावं. त्यांच्या पलीकडे मात्र टेबलावर पैशाच्या मानानं फरक हळूहळू कमी होत जातो असं माझं मत. आणि घरात जुन्या म्युझिक सिस्टिमचे लाकडी स्पीकर माळ्यावर पडले असतील तर त्याहून स्वस्त काहीच नाही. एक छोटा क्लास-डी ॲम्प घ्या आणि जोडा.

घरी आणल्यावरचं काम फुकट आहे आणि तेच कोणी करत नाही. दोन्ही स्पीकर कानाच्या उंचीला आणा. खाली जाड पुस्तकं ठेवली तरी चालतं (आमच्याकडे कॉलेजची डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑपरेटिंग सिस्टिम्स पहिल्यांदाच उपयोगी पडली). भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, कोपरा टाळा. दोघांत जितकं अंतर तितकंच अंतर दोघांपासून आपल्या डोक्याचं ठेवा आणि तोंडं आत वळवा.

याला विरोध करणारे मित्र आहेत माझे. "गेम खेळताना स्फोट झाला तर पोटात जाणवायला पाहिजे राव!" कबूल. ज्याला ती मजा हवी त्यानं सब-वूफर जरूर घ्यावा, पण दहा हजारांच्या पुढचा घ्यावा आणि खालच्या मजल्यावरच्या काकांची परवानगी घेऊन. आणखी एक कबुली. स्पीकर म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. अण्णांचं वरचं थोडं गेलंय ते गेलंयच, दर वर्षी तपासणी करायचीच आहे. पण कान गेले असं जाहीर करण्याआधी आम्ही भावंडांपैकी कोणी पाच मिनिटं त्यांच्या खुर्चीत बसलं असतं तर पाच महिने वाचले असते. ऑफिसात युजरनं तक्रार केली की आपण आधी त्याच्या मशीनवर जाऊन बघतो. घरात मात्र सरळ युजरलाच बाद ठरवलं.

एप्रिलमध्ये २४०० रुपयांचे साधे २.० आणले. लाइट नाही, रिमोट नाही. अण्णा खोकं बघून म्हणाले, "आधीच्यापेक्षा बारके आहेत की." पोरं नाचायला आली नाहीत. पुण्याला परत येऊन रविवारी कॉल केला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मी जानेवारीतलं वाक्य पुन्हा म्हटलं. आता त्याची गरज नव्हती खरं तर, फेब्रुवारीतच दुसरा प्रोजेक्ट मिळाला होता. तरी म्हटलं, "अण्णा, जानेवारीत माझा प्रोजेक्ट बंद झाला होता. महिनाभर बेंचवर होतो."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, गेला परत आवाज.

मग म्हणाले, "तेव्हा का नाही सांगितलंस?"

सांगितलं होतं, असं तोंडावर आलं होतं. "राहून गेलं," म्हणालो.

"बरं. असलं काही असलं की सांगत जा. आई शेतावर गेलीय, आपण दोघंच आहोत, बोल."

त्या दिवशी पाऊण तास बोललो. "काय म्हणालास?" दोनदा आलं. दोन्ही वेळा गल्लीतून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, गाणी लावून.